मास्तरांची रुजवात

माझ्या मीरा रोडच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात खाकी कव्हरं घातलेली अकरा जाडजूड पुस्तकं आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला ती कायद्याची वाटतात. माझ्या एका मावसभावाने तर त्यांच्याकडे बघून सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणात माझा सल्ला मागितला होता. तशी ती कायद्याचीच आहेत म्हणा, फक्त ज्या देशाचा तो कायदा आहे तो देश कुठेच नाही. तिथे झाडं बोलतात, बुटके लोक डोंगर पोखरून सोनं काढतात, आणि बंद दार उघडलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, आणि एकाने गोष्ट पुढे चालवायची, असा तो खेळ. गोष्ट चालवणाऱ्याला त्या पुस्तकांत मास्टर म्हणतात. आम्ही भाईंदरमध्ये त्याचं मास्तर करून टाकलं.

मास्तर शिक्षक कधीच नव्हते. मोजणी खात्यात त्यांची उभी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. घराणं भाईंदरचं जुनं, मिठागरवाल्यांचं. मिठागरं गेली, त्यातल्या एका तुकड्यावर इमारत उभी राहिली आणि तिच्या तळमजल्यावर मास्तर आणि काकू राहायला आले. माणूस ठेंगणा, आवाज मात्र शेताच्या बांधावरून पलीकडच्या बांधावर जाईल असा. शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक सहा इंची पट्टी. ही पट्टी ते लग्नाच्या पंगतीतही खिशातून काढत नसत.

मी भाईंदर पश्चिमेला एका चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करते. मास्तर पहिल्यांदा दुकानात आले ते पुस्तक काखेत मारून. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली.

"ती वाचून माझं काय काम होणार?" ते म्हणाले. "मला हे वाचता आलं पाहिजे."

त्यांनी पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं. मुंगीएवढ्या अक्षरांत एक तक्ता होता. मीच मोठ्याने वाचायला लागले, "भाला, आठ. कुऱ्हाड, बारा. उकळतं तेल, दर फेरीला सहा." बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली.

"तुमचा आवाज चांगला आहे," मास्तर म्हणाले. "रविवारी चार वाजता मोकळ्या असता का?"

माझ्या मालकांनी गल्ल्यावरून मान वर केली. तेव्हा मास्तर घाईघाईने म्हणाले, "घरी बायको असते."

अशी मी त्या टेबलावर गेले आणि चार वर्षं रमले.

टेबल म्हणजे काकूंचं जेवणाचं टेबल. रविवारी चारच्या आत त्यावरून लोणच्याच्या बरण्या हलल्या नाहीत तर मास्तर त्या बरण्यांनाच बुरूज म्हणून नकाशात घेत. नकाशे ते स्वतः काढत, आणि ते असे की प्रत्यक्ष मोजणीला गेलात तर वीतभरही फरक पडणार नाही. राक्षसाची गुहा असो की भुताची विहीर, उत्तर दिशा दाखवलेली असायची आणि खाली कोपऱ्यात सही. राक्षसाने आग ओकली की मास्तर खिशातली पट्टी काढून मोजत. "अर्धा इंच बाहेर आहेस. वाचलास," असं ते आमच्या जिग्नेशला सांगत, आणि जिग्नेश खरोखरच हुश्श करी.

जिग्नेशचं भाईंदरलाच हार्डवेअरचं दुकान. दुकानात तो खिळ्यांच्या भावावरून कोणाशीही दोन हात करायला तयार, पण खेळात त्याने घेतलेला सात फुटी पहिलवान कमालीचा भित्रा. समोर काहीही आलं की जिग्नेशचा पहिला प्रश्न ठरलेला, "मास्तर, इसके साथ कुछ सेटलमेंट होईल काय?" मास्तरही तो प्रश्न गंभीरपणे घेत आणि राक्षसाच्या वतीने विचार करून उत्तर देत.

त्यांचा तो देश कुठेच नाही असं मी वर म्हटलं, पण आम्हाला तो चांगला ओळखीचा होता. खाडी होती, खाडीच्या वळणावर पडका किल्ला होता, मैलभर मिठागरं होती. "मास्तर, हे घोडबंदर आहे," असं कोणी म्हटलं की ते साफ नाकबूल करायचे. आणि लगेच किल्ल्यावरचा पहारेकरी होऊन म्हणायचे, "पूल हाय, पन रस्ता न्हाय. जायाचं तर जा." ऑफिसच्या मराठीत आयुष्य काढलेला हा माणूस गावकरी झाला की त्याच्या तोंडून त्याच्या आजाची भाषा यायची. मला ते फार आवडायचं.

नियमांच्या बाबतीत मात्र मास्तर म्हणजे दगड. पुस्तकात असेल ते होणार, फाशावर येईल ते होणार. फासा टेबलावरून घरंगळला, बशीला टेकून तिरका राहिला, कोणाचा धक्का लागला, कशालाही माफी नाही. "पडलं ते पडलं," एवढंच बोलत. एकदा जिग्नेश माल उतरवून घेण्यात अडकला म्हणून त्याच्या जागी काकू खेळायला बसल्या. पहिल्याच फेरीत त्यांचा फासा एकावर पडला आणि सात फुटी पहिलवान पुलावरून खाली. काकू म्हणाल्या, "अहो, मला कळलंच नाही कसा टाकायचा. परत टाकते." मास्तर म्हणाले, "पडलं ते पडलं." चाळीस वर्षांचा संसार समोर बसलेला, पण नाही. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना गरमागरम भजी मिळाली आणि मास्तरांच्या ताटात सकाळची खिचडी आली. त्यांनी वर बघितलं तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "पडलं ते पडलं." मास्तरांनी ती निमूट खाल्ली. नियम त्यांनाही लागू होता.

पुस्तकांवर त्यांची माया म्हणजे काही विचारू नका. परदेशातून एकेक करून मागवलेली ती पुस्तकं, आता त्यांनीच माझ्याकडे सांभाळायला दिलेली. प्रत्येकाला खाकी कव्हर, कव्हरावर सुवाच्य अक्षरात नाव. एखादं पान सुटलं तर मास्तर कणकेची खळ शिजवून ते स्वतः चिकटवत. जुने फाटके नकाशे कापडावर चिकटवताना खात्यात हीच खळ वापरायचे, त्यामुळे बाजारातल्या गोंदावर त्यांचा विश्वास नव्हता. दसऱ्याला ही अकरा पुस्तकं पाटावर मांडून त्यांची पूजा व्हायची. राक्षसाचं चित्र असलेल्या पुस्तकाला काकू हळद वाहायच्या, कुंकू मात्र वाहायच्या नाहीत.

आता भांडणाचं सांगते.

माझं सोंग होतं मैना. मैना म्हणजे कुलपं उघडणारी चोरटी पोरगी, जिभेला हाड नसलेली. मी स्वतः इतकी भिडस्त की शेअर रिक्षात शेजारच्याने माझ्या मांडीवर पिशवी ठेवली तरी मी "राहू दे" म्हणणार. मैना बाकावर पाय पसरून बसलेल्या सरदारालाही "आधी पाय काढ" म्हणायची. चार वर्षं दर रविवारी मैना होऊन बोलता बोलता माझ्यात थोडं बळ आलं. दुकानाला रविवारची सुट्टी नव्हती, सुरुवातीला मी दोन-तीन तासांची सवड काढून पळत यायची. पुढे पूर्ण सुट्टी मी मालकांकडून मागून घेतली, आणि मागताना मनात मैनाच होती. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

एका रविवारी आमचं सगळं टोळकं किल्ल्याच्या तळघरात अडकलं आणि खाडीचं पाणी चढायला लागलं. बाहेर पडायच्या लोखंडी दरवाजाचं कुलूप पाण्याखाली होतं. मैनाने बुडी मारली. कुलूप उघडलं, सगळे बाहेर पडले, पण मैनाचा पाय साखळीत अडकला. मी फासा टाकला. दोन पडले.

जिग्नेश काठावर उभा राहून, म्हणजे खुर्चीवरून अर्धा उठून, "मैना! मैना!" म्हणून ओरडत होता. मी मास्तरांना विचारलं, "काहीच मार्ग नाही?"

त्यांनी मुख्य पुस्तक उघडलं. बोट ठेवून सगळा नियम वाचला, पान उलटलं, पुढचं वाचलं, आणि पुस्तक मिटलं. "नियमात नाही," ते म्हणाले. "पडलं ते पडलं."

मला रडू आलं. एका कागदावरच्या मुलीसाठी तिशीतली बाई रडते हे कोणाला सांगणार? मी मैनाची सगळी माहिती लिहिलेला तिचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि उठले. "मास्तर, तुम्हाला माणसं कळत नाहीत, फक्त पट्टी कळते," असं काहीतरी बोलले. घरी गेले तर आईने माझा चेहरा बघून विचारलं, "दुकानातलं कोणी गेलं का गं?" मी "हो" म्हटलं. आईने मला गरम वरणभात वाढला आणि दोन दिवस कामाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर मी रविवारी गेले नाही. एक आठवडा गेला, मग महिना, मग जाणं अवघड होऊन बसलं. मास्तर चष्म्याला मात्र माझ्याकडेच यायचे. खुर्चीत बसायचे आणि मला "मॅडम" म्हणायचे. मी "डावा डोळा झाका" म्हणायची. एवढंच बोलणं. अशी तीन वर्षं गेली. दर वेळी ते गेल्यावर माझ्या मनात यायचं की दाराशी जाऊन हाक मारावी. पण मैना गेली होती, आणि हाक मारायचं काम तिचं होतं.

या काळातल्या मास्तरांच्या बातम्या मला काकूंकडून कळायच्या. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरला. ऑपरेशन झालं, तरी ते मुंगीएवढे तक्ते काही दिसेनात. मुलीने नाशिकहून टॅबलेट पाठवला. त्यावर दोन बोटांनी पान ताणलं की अक्षरं मोठी होतात हे कळल्यावर मास्तर अर्धा दिवस नुसते वर्तमानपत्र ताणत बसले होते म्हणे. "जमीन अशी ताणता आली असती तर अर्धे खटले मिटले असते," म्हणाले.

आता पुस्तकं टॅबलेटवर पाहिजेत. जिग्नेश म्हणाला, "मास्तर, फुकट मिळतात, मी आजच टाकून देतो." मास्तर त्याच्यावर असे कडाडले की तो दोन रविवार आला नाही. चोरीचा सातबारा आणि चोरीचं पुस्तक त्यांना सारखंच. पण घरात असलेलं पुस्तक पुन्हा विकत घ्यायचं हेही पटेना. शेवटी त्यांनी प्रकाशकाला इंग्रजीत अर्ज केला, की मी या पुस्तकांचा कायदेशीर कब्जेदार आहे, तरी डिजिटल प्रती देण्याची कृपा व्हावी. अर्जासोबत पुरावा म्हणून काय जोडलं? पंचनामा! पुस्तकांच्या कपाटाचा रीतसर पंचनामा, चतुःसीमेसह. पूर्वेस खिडकी, पश्चिमेस फ्रिज, उत्तरेस देवघर, दक्षिणेस येण्याजाण्याचा रस्ता. खाली दोन पंचांच्या सह्या. एक जिग्नेश, दुसऱ्या काकू. त्याचंही इंग्रजी भाषांतर त्यांनी स्वतः केलं आणि वर सगळ्या पुस्तकांच्या थप्पीशेजारी उभा असलेला आपला फोटो लावला.

आणि गंमत म्हणजे उत्तर आलं. प्रकाशकाने लिहिलं होतं, इतका सुंदर कागद आमच्याकडे आजवर कोणी पाठवला नव्हता, तो आम्ही ऑफिसात फ्रेम करून लावतोय, फुकट देता येत नाही याचं वाईट वाटतं, थोडी सवलत देतो. मास्तरांनी इमारतीत पेढे वाटले. "अर्ज नामंजूर झाला ना?" काकूंनी विचारलं. "नामंजूर झाला," मास्तर म्हणाले, "पण पंधरा दिवसांत झाला!"

मग ते एकेक पुस्तक घेऊ लागले. डिजिटल पुस्तक आलं की नुसतं वाचायचं नाही. खात्याची शिस्त अशी, की नकाशाची किंवा उताऱ्याची नक्कल काढली की ती मुळाशी ताडून बघायची, आणि तसं कोणी सही करून सांगितल्याशिवाय ती खरी धरायची नाही. त्याला रुजवात म्हणतात. मास्तर डाव्या हाताला छापील पुस्तक, उजव्या हाताला टॅबलेट आणि मध्ये पट्टी ठेवून पानामागून पान रुजवात घ्यायचे. काकू सांगायच्या, "अगं, एक पुस्तक दोनदा विकत घेतो आणि तिसऱ्यांदा तपासतो. माझं मंगळसूत्र घेताना एकदासुद्धा वजन बघितलं नव्हतं." दहा पुस्तकं अशी झाली. मुख्य पुस्तक त्यांनी शेवटी ठेवलं होतं, कारण ते त्यांना पाठ होतं.

एका गुरुवारी मास्तर दुकानात आले. एका काखेत मुख्य पुस्तक, दुसऱ्या काखेत टॅबलेट. खुर्चीत बसले नाहीत. काउंटरवर पुस्तक उघडून म्हणाले, "मॅडम, पानांचे आकडे वाचा."

मी वाचले, "एकशे पंचेचाळीस." त्यांनी पान उलटलं. "एकशे अठ्ठेचाळीस."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग मी ते पान चिमटीत धरलं. जाड लागलं. एका पानाला दुसरं पान चिकटलेलं होतं, कडेपासून कडेपर्यंत, कणकेच्या खळीने, असं बेमालूम की सांगितल्याशिवाय कळू नये. कधीतरी सुटलेलं पान डकवताना त्यांच्याच हातून ते झालं होतं. मधली दोन पानं आत बंद होऊन राहिली होती आणि इतकी वर्षं आम्ही ती सोडून खेळत होतो. आकडे बघतो कोण!

मास्तरांनी टॅबलेट पुढे सरकवला. पान एकशे सेहेचाळीस. त्यांनी दोन बोटांनी ते ताणलं. बुडणाऱ्याचा जोडीदार हाकेच्या अंतरावर असेल आणि हाक मारत असेल, तर बुडणाऱ्याला आणखी एकदा फासा टाकता येतो. अकरा किंवा वर पडलं तर जीव वाचतो.

मला जिग्नेशचं ते "मैना! मैना!" ऐकू आलं.

मास्तरांनी खिशातून एक कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचून दाखवला. गिऱ्हाइकं ऐकत होती, मालक ऐकत होते. "रुजवातीअंती असं आढळून आलं की मैना हिच्या प्रकरणी दिलेला निकाल चुकीच्या कागदपत्रावर आधारलेला होता. चूक मोजणीदाराची आहे, दुसऱ्या कोणाची नाही. सबब येत्या रविवारी दुपारी चार वाजता फेरसुनावणी ठेवली आहे. अर्जदाराने फाशासह हजर राहावं." कागद माझ्या हातात दिला. मग खाली बघत, सही करायच्या जागी बोट ठेवून, हळूच म्हणाले, "येशील ना गं?"

तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं होतं. मी सही केली. मालकांनीही कोणी न सांगता साक्षीदार म्हणून सही ठोकली.

रविवारी चार वाजता टेबलावरून बरण्या हलवलेल्या होत्या. जिग्नेश नवा शर्ट घालून आला होता. पर्समधल्या घडीवर घडी पडलेला मैनाचा कागद मी टेबलावर पसरला. मास्तरांनी त्याच्यावर पट्टी फिरवून तो सपाट केला. मग खाडीचा नकाशा मांडला, तोच जुना, कोपऱ्यात तीच सही. पाणी कुठपर्यंत चढलंय ते सांगितलं. जिग्नेश खुर्चीवरून अर्धा उठला आणि त्याने हाक मारली. यावेळी काकूंनीही स्वयंपाकघराच्या दारातून मारली. नियमात एकच जोडीदार लागत होता, पण मास्तरांनी हरकत घेतली नाही.

मी फासा टाकला. तो नकाशावरून गडगडत खाडी ओलांडून किल्ल्याशी थांबला.

दहा.

"दस," जिग्नेश म्हणाला आणि खाली बसला. एका आकड्याने. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला आश्चर्य याचं वाटलं की मला रडू येत नव्हतं. पुस्तक पूर्ण वाचून झालं होतं, मैनाला तिची हाक मिळाली होती, आणि मी त्या टेबलावर परत बसले होते. मी म्हटलं, "असू दे मास्तर. पडलं ते पडलं."

मास्तर फाशाकडे वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मला नीट दिसलं नाही."

"अहो, दहा आहे," काकू म्हणाल्या.

"तुम्हाला दिसलं असेल. मास्तर मी आहे, मला दिसलं नाही. आणि जे दिसलं नाही ते पडलं नाही. पुन्हा टाक."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. आदल्याच दिवशी, शनिवारी, मी स्वतः करून दिलेला, नंबर दोनदा तपासून. माझी नजर तिकडे गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी तो सावकाश काढला, घडी केली आणि तीन पेनांच्या शेजारी खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना समोरची बशीसुद्धा दिसत नाही, हे भाईंदरमध्ये माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

मी फासा उचलला आणि टाकला. तो नकाशाच्या मधोमध, अगदी खाडीवर, एका टोकावर उभा राहून गरगर फिरायला लागला. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. फासा अजून फिरतच होता, आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकावरून, बिनचष्म्याचे मास्तर आनंदाने ओरडले, "सतरा! पडलं ते पडलं!"